एका गडव्यातल्या गोळ्या

गोळ्या गडव्यात होत्या. पितळी गडवा, तोंडाला फडकं बांधलेलं. थावरा राठोडच्या बायकोने, गमनीबाईने, तो घरातून आणून माझ्यापुढे खाटेवर ठेवला आणि फडकं सोडलं. आत पांढऱ्या गोळ्यांचा ढीग होता.

"बाटली कुठे आहे?" मी विचारलं.

"कोनती?" थावरा म्हणाला.

"मी दिली होती ती. तुमच्या नावाची चिठ्ठी लावलेली."

"तिच्यात घासलेट हाय."

खाटेच्या दुसऱ्या टोकाला नामदेवराव गावंडे बसले होते. शेजारच्या गावचे कुणबी, थावराचे जोडीदार. दोघांचा आजार एकच आणि मी दोघांना महिन्याला एकेक बाटली देत असे.

"आणि तुमची बाटली, नामदेवराव?"

"माह्या बाटलीत गोडंतेल. चांगली बाटली हाय जी. बूच पक्कं बसते."

"मग या गोळ्या कोणाच्या?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्न इतका सोपा होता की त्यात काही डाव असावा असं त्यांना वाटलं असणार.

"दोघायच्या," थावरा म्हणाला.

मी खाटेवर बसलो. बसण्यासारखीच गोष्ट होती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात असिस्टंट सर्जन होतो आणि महिन्यातून एकदा दवाखान्याची जीप घेऊन दिग्रसकडच्या या बंजारा तांड्यावर येत असे. जीप चालू असली तर जीपने, नाही तर एस.टी.ने आणि पुढे पायी. जीप बहुतेक वेळा चालू नसे. माझं इथलं काम दोन प्रश्नांचं होतं: काय गिळता येतं, आणि गोळ्या घेतल्या का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी चांगलं होतं. दुसऱ्याने माझी झोप उडवली.

आजार अन्ननलिकेच्या कॅन्सरचा. अन्ननलिका म्हणजे घशापासून पोटापर्यंत जाणारी नळी. तिच्यात गाठ वाढते आणि रस्ता अरुंद होत जातो. आधी भाकर अडकते. मग कण्या अडकतात. मग आंबील, आणि शेवटी पाणी. माणूस पुष्कळदा गाठीने मरत नाही, उपासाने मरतो. भूक शाबूत असते, ताट समोर असतं, घरचे 'घ्या थोडं' म्हणत असतात, आणि घास उतरत नाही. इतर बरेच मृत्यू मी पाहिले आहेत. हा मला कधीही सवयीचा झाला नाही.

त्या काळी उपाय म्हणजे नागपूरला नेऊन एक्स-रेच्या मोठ्या मशीनवर शेक द्यायचा. गाठ थोडी आकसायची आणि काही महिने मिळायचे. नागपूरच्या एका प्रोफेसरांनी ठरवलं की शेकानंतर एक नवी गोळी देऊन पाहावी, फायदा होतो का. आता फायदा होतो का हे कळायचं कसं? नुसती गोळी देऊन भागत नाही. 'मला नवं औषध मिळतंय' असं ज्याला वाटतं, तो त्याच आठवड्यात भाकर मागतो. डॉक्टरही माणूसच. आपण औषध दिलं म्हटलं की त्यालाही पेशंटच्या गालावर लाली दिसायला लागते. म्हणून अर्ध्या पेशंटांना खरी गोळी आणि अर्ध्यांना नुसत्या खडूची, असं ठरलं. दोन्हींचा रंग, आकार, कडूपणा सारखा. कोणाला कोणती, हे बंद पाकिटांतून ठरलेलं. पेशंटला माहीत नाही, मला माहीत नाही, प्रोफेसरांनाही माहीत नाही. याला ब्लाइंड ट्रायल म्हणतात. पाकिटं आकडेवारीच्या लिमयेबाईंच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला. पेशंटला एवढंच सांगायची पद्धत होती की गोळी नवी आहे, उपयोग होतो का ते पाहत आहोत.

प्रोफेसरांनी पाठवलेल्या सूचना इंग्रजीत होत्या. त्यात गिळण्याची परीक्षा 'ब्रेड'ने घ्यायची होती. आमच्या पेशंटांनी ब्रेड पाहिला होता तो दिग्रसच्या हॉटेलात, काचेआड. मी 'ब्रेड'च्या जागी परस्पर भाकर घातली. पाणी, आंबील, कण्या, भाकर, अशा चार पायऱ्या. तांड्यावर भाकरीला बाटी म्हणतात, ती जाड असते, म्हणून थावराला मी मनातल्या मनात अर्धी पायरी जास्त देत असे.

आणि या ट्रायलबरोबर एक लाकडी खोकं आलं होतं. त्यात बुजी होत्या. बुजी म्हणजे लवचिक, गुळगुळीत कांडी, बारीक ते जाड अशा क्रमाने ठेवलेली. घसा बधिर करायचा, पेशंटला ताठ बसवायचं आणि एकेक बुजी हलक्या हाताने अन्ननलिकेतून उतरवायची. आकसलेला रस्ता थोडा रुंदावतो. काही आठवडे माणूस खातो, मग पुन्हा बोलवायचं. जोर जास्त झाला तर नळी फाटते आणि पेशंट हातचा जातो, म्हणून ते काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नसे. अशा बुजी जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. ट्रायलचे पेशंट जिल्ह्यात असतील तोवरच खोकं यवतमाळला ठेवायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या पेशंटांसाठी त्या वापरायच्या नाहीत, असंही पत्रात होतं. पत्रात बरंच काही असतं.

ट्रायलचे जिल्ह्यातले बाकी पेशंट तोवर गेले होते. राजूरचा एक खाण कामगार, पुसदच्या एक बाई. उरले होते हे दोघे, एका खाटेच्या दोन टोकांना बसलेले.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"पयल्या बाटलीपासून."

"काहून पण?" मीही वऱ्हाडीवर आलो. चिडलो की येतो.

थावरा उलट माझ्याकडेच नवलाने पाहायला लागला. मग समजावून सांगायला लागला.

"साहेब, माहा आजा लदेणीवर जाय. बैलायच्या पाठीवर गोण्या, मीठ, दाना. दूर दूर जात. त्याचा कायदा हाय. जे सोबत निंगाले ते वापस येईस्तोर एक. कोनाचा बैल बसला त त्याच्या गोण्या बाकीच्याइनं आपल्या बैलावर घ्याच्या. अन् जे भेटन ते सारखं. नागपूरले आमी एका मोटारीत गेलतो. खाटी बी जवळजवळ. शेक बी सोबत घेतला. मंग हे लदेणीच झाली ना जी?"

मी नामदेवरावांकडे वळलो. "तुम्ही तर शेतकरी माणूस. तुमचा लदेणीशी काय संबंध?"

"संबंध कायचा? माहा लदेणीशी काई संबंध नाई." नामदेवराव पायावरची माशी उडवत म्हणाले. "पन माह्या गोळ्या कडू नव्हत्या. याच्या कडू व्हत्या. म्या जाणलं, याले असली देल्ली अन् मले हलकी. तुमी मोठे लोक, तुमाले कोन इचारन? म्हटलं चाल थावरा, वाटून घेऊ."

"मले त याच्याच कडू लागत व्हत्या," थावरा म्हणाला.

"तुह्या तोंडाले चवच नाई."

म्हणजे एकाने कायद्याने वाटल्या होत्या आणि दुसऱ्याने माझ्यावरच्या अविश्वासाने. परिणाम एकच. एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला खडू असेल, तर दोघांच्याही पोटात दोन्ही गेलं होतं. ट्रायलची खिचडी झाली होती, आणि शिजलेली खिचडी निवडता येत नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. सांगावं तर दोघे ट्रायलमधून बाहेर आणि खोकं नागपूरला परत. थावराची बाटी आणि नामदेवरावांच्या कण्या त्या खोक्यावर चालल्या होत्या. न सांगावं तर नागपुरात एक खोटा आकडा खऱ्या आकड्यांत जाऊन बसणार, आणि उद्या त्यावर विसंबून दुसऱ्या कोणाला तरी गोळी देणार. मी गडव्याचं फडकं बांधलं आणि गोळ्या बरोबर घेतल्या.

"दवाई नेऊन राह्यले," गमनीबाई म्हणाली. "मंग आमचं काय?"

"दुसऱ्या आणतो," मी म्हटलं. मला जेवढी खात्री होती त्याहून बऱ्याच मोठ्या आवाजात म्हटलं.

फोनवर हे प्रकरण सांगता येण्यासारखं नव्हतं. मी रजा काढून नागपूर गाठलं. प्रोफेसर उंच, शांत, कामाला वाघ. त्यांना मी कधी हसताना पाहिलं नाही आणि कधी पेशंटवर ओरडतानाही पाहिलं नाही. ते मुंबईत वाढले होते.

"गडवा म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचं भांडं, सर. तांब्यासारखं."

"आणि त्यात गोळ्या."

"हो सर."

"दोघांच्या एकत्र."

"हो सर."

"का?"

"लदेणीचा नियम आहे, सर." मी तो सांगितला, बैलांसकट.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "आपल्या प्रोटोकॉलमध्ये लदेणी नाही," ते म्हणाले.

"नाही सर."

"दोघांना काढून टाका. बुजीचं खोकं परत पाठवा."

"सर, खोकं गेलं तर दोघांचं खाणं बंद होईल."

"मला माहीत आहे काय होईल. वर्ध्याला तसाच एक पेशंट बसून आहे आणि वर्ध्याला खोकं नाही. त्याला मी काय सांगू?"

माणूस चुकीचं बोलत असला की भांडता येतं. ते बरोबर बोलत होते आणि मला तरीही भांडायचं होतं. "सर, ते दोघं चोर नाहीत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "त्यांनी आपल्याला फसवलं नाही. त्यांना आपण कधी सांगितलंच नाही की वाटू नका."

"वाटू नका, असं सांगावं लागेल हे कोणाच्या डोक्यात येणार होतं?"

लिमयेबाई कोपऱ्यातल्या टेबलावर बसून होत्या. बुटक्या, चष्मा जाड, बोलणं नेमकं. "पेशंट काढायचे तर कारण लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "कारण लिहायचं तर कोणाला काय जात होतं ते पाहावं लागेल. पाकिटं फोडू का?"

प्रोफेसरांनी मान हलवली. बाईंनी किल्ली काढली, कपाट उघडलं, दोन पाकिटं घेतली. एक फोडलं, वाचलं. दुसरं फोडलं, वाचलं. मग दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचल्या.

"दोघांनाही खडू," त्या म्हणाल्या.

त्यांनी चिठ्ठ्या प्रोफेसरांपुढे सरकवल्या.

"म्हणजे त्यांनी वाटून काय घेतलं?" प्रोफेसरांनी विचारलं.

"खडू, सर. याचा अर्धा आणि त्याचा अर्धा."

"म्हणजे प्रत्येकाला जे मिळायला हवं होतं..."

"तेच मिळालं. तितकंच मिळालं. वाटणी त्यांनी चोख केलेली दिसते. नियम मोडलेला नाही."

आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या गोळ्यांच्या कडूपणावरून दोघे भांडत होते, त्यांत भांडण्यासारखं काही नव्हतंच. मला हसू आलं, आणि ते पुरतं येण्याआधीच गेलं.

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. दोघे ट्रायलमध्ये राहतील, खोकं यवतमाळला राहील, असं ठरलं. पण एक अट निघाली. आता मला आतली गोष्ट माहीत झाली होती, म्हणजे मी आंधळा राहिलो नव्हतो. तेव्हा गिळण्याचे प्रश्न दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी विचारायचे. मी फक्त बुजी टाकायच्या आणि बाटल्या पोचवायच्या. "आणि पेशंटला एक अक्षर नाही," प्रोफेसर म्हणाले. "कळलं तर पेशंट बाहेर. शब्द द्या."

मी शब्द दिला.

तांड्यावर नव्या दोन बाटल्या घेऊन गेलो. माझ्या डोळ्यांदेखत दोघांनी त्या गडव्यात रिकाम्या केल्या. गमनीबाईने रिकाम्या बाटल्या लगेच आत नेल्या. घरात बाटल्यांची निकड होती असं दिसलं. मी काही बोललो नाही. बोलण्याचं कारण उरलं नव्हतं, आणि बोलण्याची मुभाही.

पुढचे काही महिने बरे गेले. दोघे ठरल्या वेळी यवतमाळला येत, एकाच्या घशात बुजी जाताना दुसरा दाराशी बसून राही, आणि मग दोघे मिळून एस.टी. स्टँडवर जात. नामदेवराव खुशीत होते. "या खेपच्या दवाईत जोर हाय," ते मला सांगत. "काल कण्या खाल्ल्या. वरून ठेचा. गिरजा म्हने, जपून. म्हटलं आता काय जपाचं?" गिरजाबाई म्हणजे त्यांची बायको. मी मान डोलवत असे. मला राग येत असे. तो प्रोफेसरांचा होता, की खडूचा, की इतका आनंद करणाऱ्या नामदेवरावांचा, ते ठरत नव्हतं. त्या चेहऱ्याकडे पाहत गप्प बसणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत कष्टाचं काम होतं, आणि त्याला कुठलं हत्यार लागत नव्हतं.

कापूस फुटायच्या सुमाराला नामदेवरावांना खोकला लागला. गाठ अन्ननलिकेतून शेजारच्या श्वासनलिकेत घुसली होती. हे होतं, आणि झालं की बुजीचा काही उपयोग नसतो. ते घरीच वारले. मला कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते. गिरजाबाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत गोळ्या घेतल्या जी त्याइनं. चुकल्या नाईत." मी चहा घेतला आणि निघालो. दुसरं काय करणार होतो?

त्यानंतर थावरा ठरल्या दिवशी आला नाही. मी तांड्यावर गेलो. तो खाटेवर पडून होता. गालाची हाडं वर आली होती.

"खातच नाई," गमनीबाई म्हणाली. "बाटी नाई, कण्या नाई. पानी तेवढं पेते."

रस्ता बंद झाला, असं मी धरलं. त्याला जीपमध्ये घातलं. जीप चालू होती. थावरा तशातही गडवा बरोबर घ्यायला विसरला नाही. गमनीबाई मागे बसली. यवतमाळला घसा बधिर केला आणि बारीक बुजी टाकली. ती सहज गेली. मधली टाकली. तीही गेली. सगळ्यात जाड बुजी अलगद उतरली. रस्ता मोकळा होता. रस्त्यावरून फक्त कोणी जात नव्हतं.

"थावराभाऊ, नळी उघडी आहे. मग खात का नाही?"

मी गडव्याचं फडकं सोडलं. गडवा भरलेला होता. गोळ्या घेणंही त्याने थांबवलं होतं.

"याही नाही घेत?"

"कोनाच्या घेऊ?" तो म्हणाला. घसा बधिर होता, शब्द जड येत होते. "साहेब, त्याची दवाई म्या खाल्ली."

"कोणाची?"

"नामदेवची. त्याच्या बाटलीतली असली व्हती. तो म्हने हलकी. मले ठाऊक व्हतं, जास्त कडू तेच व्हती. म्या कायदा सांगतला अन् अर्धी त्याची मी खाल्ली. लदेणीत ज्याचा बैल बसते, त्याचं वजन दुसऱ्यानं घ्याचं असते. म्या त्याचं वजन नाई घेतलं. त्याची दवाई घेतली. तो गेला. मी हावो."

गमनीबाई भिंतीकडे पाहत होती. हे तिने आधी ऐकलेलं होतं, आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर माझ्याकडे होतं.

खोकं टेबलावर उघडं पडलं होतं. सांगितलं तर हा बाहेर, आणि जिल्ह्यात ट्रायलचा दुसरा पेशंट उरला नव्हता. म्हणजे खोकंही बाहेर. मग आज मोकळा असलेला रस्ता काही आठवड्यांनी बंद होणार. न सांगितलं तर रस्ता मोकळा राहील आणि हा माणूस त्या मोकळ्या रस्त्याने उपाशी मरेल. मला विचार करायला फार वेळ लागला असं लिहिलं तर बरं दिसेल. लागला नाही.

"थावराभाऊ, यात दवाई नाही."

"कायच्यात?"

"गडव्यात. खडू आहे. वरून कडू लावलंय."

त्याने एक गोळी उचलली. नखाने टोकरली. अंगठ्याखाली धरून चिरडली. पांढरी भुकटी झाली. ती त्याने बोटावर घेऊन पाहिली.

"त्याच्या बाटलीत?"

"खडू."

"माह्या?"

"खडू. पहिल्यापासून."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. इतके महिने माणसाला खडू गिळायला लावला, ज्याला गिळणंच मुश्कील त्याला. शिव्या माझ्या हक्काच्या होत्या आणि मी त्या घ्यायला तयार होतो.

"मंग त्याचं म्या काई नाई खाल्लं," थावरा म्हणाला.

"काही नाही."

"सारखंच देल्लं दोघाले."

"अगदी सारखं."

"तुमाले कवापासून ठाऊक?"

"नागपूरला गेलतो तेव्हापासून."

त्याने मान हलवली. "मंग नामदेवले सांगाले पाह्यजे व्हतं जी," तो म्हणाला. "लय हासला असता." आणि तोंडावर हात घेऊन तो रडायला लागला. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. माझीही तीच अवस्था होती आणि सरकारी दवाखान्यात ते बरं दिसत नाही. जरा वेळाने त्याने गमनीबाईला हाक मारली आणि विचारलं, बांधून आणलेली बाटी कुठे आहे. मी म्हटलं, घशाचा बधिरपणा उतरेपर्यंत थांबा, नाही तर ठसका लागेल. तो थांबला. मग दुधात भिजवून, सावकाश, एक घास.

त्याच दिवशी मी नागपूरला ट्रंक कॉल लावला. लागला दुसऱ्या दिवशी. सगळं सांगितलं.

"तुम्ही शब्द दिला होता," प्रोफेसर म्हणाले.

"दिला होता, सर. मोडला."

"मग पेशंट बाहेर. खोकं पाठवून द्या."

मागून लिमयेबाईंचा आवाज आला. मग फोन त्यांच्याच हातात गेला असावा. "डॉक्टर, ते जेवतात का?" त्यांनी विचारलं.

"कालपासून."

"मग ऐका. आणि सर, तुम्हीही ऐका. गोळी बंद झाली म्हणून माणूस मोजणीतून जात नाही. खडूच्या गटात त्यांना आपण घातलं, ते शेवटपर्यंत त्याच गटात राहणार. मध्येच ज्याचं बिनसलं त्याला काढत बसलो, तर आपल्याला हवा तो निकाल कोणत्याही गोळीचा काढता येईल. त्यांना बघत राहावं लागेल. जिवंत आहेत तोवर."

"म्हणजे खोकं?" मी विचारलं.

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग प्रोफेसरांचा आवाज, फोनपासून लांब, नेहमीसारखा सपाट. "राहू दे म्हणावं. आणि वर्ध्याच्या पेशंटला त्यांच्याकडे पाठवा. तसेही ते सगळ्यांना बुजी टाकतात, मला माहीत आहे."

वर्ध्याचा पेशंट आला. खोकं त्यानंतर जितका काळ यवतमाळला राहिलं, तितका काळ मी ते पत्र पुन्हा वाचलं नाही.

थावरा त्या हंगामाचा कापूस घरी येईपर्यंत जगला, आणि पुढच्या पेरणीनंतरही. मोठ्या कौतुकाची गोष्ट नाही, पण या आजारात लहानही नाही. शेवटी त्याचंही तेच झालं जे बहुतेकांचं होतं. पण उपाशी गेला नाही. जायच्या आठवड्यातही कण्या खाल्ल्या, असं गमनीबाईने निरोपात कळवलं होतं.

ट्रायलचा निकाल यथावकाश लागला. खऱ्या गोळीचा काही फायदा नव्हता. ती घेणारे आणि खडू घेणारे सारखेच जगले आणि सारखेच गेले. प्रोफेसरांनी जसं होतं तसं छापलं, आणि पुढच्या ट्रायलच्या सूचनांत एक ओळ वाढवली: पेशंटने औषध कोणाबरोबर वाटून घेऊ नये. आता ती ओळ वाचून कोणी तरुण डॉक्टर हसत असेल, की हे काय सांगायची गोष्ट आहे!

थावरा गेल्याचा निरोप आल्यावर मी तांड्यावर गेलो होतो. गमनीबाईने त्याच गडव्यात पाणी आणून दिलं. राखेने घासून लख्ख केलेला होता. मी प्यालो. पाणी मला थोडं कडू लागलं. तिला विचारलं तर म्हणाली, नाही, गोड आहे. तिचंच खरं असणार. गडव्यात पूर्वी काय होतं हे मला माहीत होतं, आणि एवढ्यासाठीच तर ब्लाइंड ट्रायल करतात.